रांगेतला लुकमा

बी.एड.च्या वर्षी मानसशास्त्राच्या तासाला आम्ही एक प्रयोग शिकलो होतो. परीक्षेपुरता पाठ केला आणि विसरून गेलो. मागच्या वर्षी आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत नववीच्या वर्गावर तो करून पाहिला, तेव्हा त्यात काय दडले आहे ते कळले.

फळ्यावर एक रेघ ओढली. शेजारी लहानमोठ्या तीन रेघा. या तिघींपैकी पहिलीएवढी लांब कोणती, इतकाच प्रश्न. सात मुलींना आधीच सांगून ठेवले होते की मुद्दाम चुकीचे उत्तर द्यायचे. आठव्या मुलीला काहीच ठाऊक नव्हते. साती जणी "तिसरी" म्हणाल्या. आठव्या मुलीने फळ्याकडे पाहिले, मैत्रिणींकडे पाहिले आणि हळूच म्हणाली, "तिसरी." खरे उत्तर दुसरी होते आणि ते शेवटच्या बाकावरूनही दिसत होते. नंतर विचारले तर म्हणाली, "सर, सब वही बोल रहे थे ना!"

हा प्रयोग सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने 1950च्या सुमारास अमेरिकेत केला. महायुद्ध संपले होते. न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउन नावाच्या वसाहतीत 17 हजारांहून अधिक घरे उभी राहत होती, जवळजवळ एकाच साच्यातली. त्या साच्यात काळ्या कुटुंबांना जागा नव्हती. सरकारी नोकरीत, सिनेमात, विद्यापीठात कोण कम्युनिस्ट आहे याचा शोध चालू होता. चारचौघांसारखे असणे हीच सुरक्षितता होती. अशा देशात अ‍ॅशला आढळले की चारपैकी तीन माणसे निदान एकदा तरी डोळ्यांना दिसणारे सत्य सोडून घोळक्याचे उत्तर देतात.

अ‍ॅशची दुसरी गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. त्याने घोळक्यात फक्त एक माणूस खरे बोलणारा बसवला, तेव्हा घोळक्याचा दाब एक चतुर्थांशावर आला. बहुमत तेवढेच होते. एका सोबतीने फरक पडला.

अमेरिकेतल्याच मॉन्टगोमेरी शहरात हे रस्त्यावर घडले. 2 मार्च 1955 रोजी क्लॉडेट कोल्विन या 15 वर्षांच्या काळ्या मुलीने बसमधली जागा गोऱ्यांसाठी सोडायला नकार दिला. तिला अटक झाली, पण तिच्या अटकेवरून मोठी चळवळ उभी राहिली नाही. नऊ महिन्यांनी, 1 डिसेंबरला, रोझा पार्क्स यांनी तेच केले आणि या वेळी शहर मागे उभे राहिले. 381 दिवस काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकला. धाडस दोघींचे सारखेच होते. फरक मागे उभे राहणाऱ्यांचा होता.

तो बहिष्कार चालू असतानाच, 14 ऑक्टोबर 1956 रोजी, आमच्या नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली. हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा त्यांनी येवल्यात 1935 साली केली होती. मधे 21 वर्षे गेली. इतक्या वर्षांत ते एकटे केव्हाही बाहेर पडू शकले असते. ज्या दिवशी पडले त्या दिवशी पत्नी सविताबाई शेजारी होत्या आणि समोर लाखो लोक. दीक्षाभूमीवरून जाताना आम्हाला नेहमी वाटते की बंडाला धाडसाइतकाच सबूरही लागतो.

आपल्या समाजातले उदाहरण वाचकांना ठाऊक आहे. 18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रिया तोंडी तलाकविरुद्ध मुंबईच्या विधानभवनावर चालून गेल्या. त्यांच्या सगळ्या मागण्या किंवा दलवाईंची सगळी मते आपल्याला पटतीलच असे नाही. 2019च्या कायद्याबद्दलही आपल्यात मतभेद आहेत. पण एका दमात दिलेला तलाक बाईवर अन्याय करतो, हे 1966 साली आपल्या किती घरांत ठाऊक होते? सर्वोच्च न्यायालयाने तो 22 ऑगस्ट 2017 रोजी रद्द ठरवला. मधल्या 51 वर्षांत आपणच आपल्या मोहल्ल्यांत तो थांबवू शकलो असतो. आपण बहुतेक जण त्या आठव्या मुलीसारखे वागलो.

यावर कोणी म्हणेल की रांग मोडली तर कौम उरणार नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. रांगेची किंमत आम्ही जाणतो. नमाजाच्या सफमध्ये मालक आणि हमाल खांद्याला खांदा लावून उभे राहतात, ही बरोबरी दुसरीकडे क्वचितच दिसते. पण त्याच रांगेने आपल्याला आणखी एक गोष्ट दिली आहे. तरावीहमध्ये हाफिजसाहेबांच्या मागे एक ऐकणारा हाफिज उभा असतो. त्याला सामे म्हणतात. आयत चुकली की तो तिथूनच दुरुस्त करतो. याला लुकमा देणे म्हणतात. त्याने कोणाचा अपमान होत नाही. हाफिजसाहेब दुरुस्ती घेतात आणि नमाज पुढे चालते. लुकमा देणारा रांग सोडत नाही आणि चूकही चालू देत नाही. मशिदीत जे आपण मान्य करतो, ते बैठकीत का मान्य करत नाही?

हे विचारण्याचा हक्क आम्हाला कितपत आहे, तेही सांगायला हवे. काही वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यातल्या एका शिलाईकाम करणाऱ्या गृहस्थांना मुलीला नर्सिंगसाठी परगावी, वसतिगृहात पाठवायचे होते. बैठक बसली. एकेक जण नको म्हणत गेला. त्या गृहस्थांनी शेवटी आमच्याकडे पाहिले. आम्ही शिकलेले, त्या मुलीला शिकवलेले. आम्ही हातातल्या चहाच्या कपाकडे पाहत राहिलो. बाहेर पडताना जिन्यावर त्यांना म्हणालो, "भाई, बात तो आपकी सही थी." ते चप्पल घालत म्हणाले, "सर, यह अंदर बोलना था."

मुलगी गेली नाही. पुढच्या वर्षी तिचे लग्न झाले.

नववीच्या वर्गात तो प्रयोग आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा केला. या वेळी नवी मुलगी घेतली आणि साती जणींपैकी एकीला खरे उत्तर द्यायला सांगितले. पाच जणी "तिसरी" म्हणाल्या. सहावी म्हणाली, "दुसरी." सातवी पुन्हा "तिसरी" म्हणाली. नव्या मुलीने फळ्याकडे एकदाच पाहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "दुसरी!"

त्या बैठकीत पहिला माणूस हजर होता. तो मुलीचा बाप होता. आम्ही फक्त दुसरे व्हायचे होते.