वेडे कोण?

1 सप्टेंबर 1939ची संध्याकाळ. त्याच पहाटे जर्मनीने पोलंडवर चढाई केली होती. पोमेरेनियातल्या क्रोयांती गावाजवळ रानातल्या मोकळ्या जागी जर्मन पायदळाची एक तुकडी विसाव्याला थांबली होती. पोलंडच्या 18व्या उलान रेजिमेंटचे सुमारे अडीचशे घोडेस्वार झाडीतून तलवारी उपसून तिच्यावर तुटून पडले. जर्मनांची दाणादाण उडाली. इतक्यात चिलखती गाड्या आल्या, मशीनगन धडाडल्या आणि माघारी वळणारे घोडे नि स्वार कोसळले. रेजिमेंटचे प्रमुख कर्नल मास्तालेश तिथेच पडले.

दुसऱ्या दिवशी इटालियन वार्ताहरांना ते मैदान दाखवण्यात आलं. मेलेले घोडे दिसत होते, तोवर येऊन पोचलेले रणगाडेही दिसत होते. तेवढ्यावर गोष्ट तयार झाली: पोलिश स्वार भाले-तलवारी घेऊन रणगाड्यांवर चालून गेले. जर्मन प्रचारयंत्रणेला ती आयतीच मिळाली. शूर आहेत, पण खुळे आहेत!

खरं म्हणजे त्या हल्ल्यात हिशेब होता. माघार घेणाऱ्या पोलिश पायदळाला थोडा वेळ मिळावा म्हणून तो चढवला होता, आणि तो वेळ मिळालाही. पोलिश घोडदळाचा घोडा मुख्यतः वेगाने जागेवर पोचण्यासाठी असे. लढाई स्वार पायउतार होऊन करत. त्याच दिवशी मोक्रा इथे व्होलिन घोडदळ ब्रिगेडने जर्मनांच्या चौथ्या रणगाडा डिव्हिजनला दिवसभर रोखून धरलं. तेही तलवारीने नव्हे, 37 मिलिमीटरच्या रणगाडाविरोधी तोफांनी आणि चिलखती आगगाडीच्या साथीने. पण मोक्रा फारसं कुणाला ठाऊक नाही. क्रोयांती जगाला माहीत आहे, आणि तेही चुकीचं.

शत्रूने खोटं पसरवलं यात नवल नाही. नवल हे, की ते खोटं घरच्यांनाही आवडलं. आंद्रेय वायदांच्या 1959च्या ‘लोत्ना’ या चित्रपटात स्वार रणगाड्याच्या नळीवर तलवार हाणतो. चेष्टेसाठी पसरवलेली गोष्ट अशी हौतात्म्याची होऊन बसली. पण कौतुकाने म्हटलं तरी ‘वेडे’ या शब्दाने शूरांची अक्कल काढून घेतली जाते. शिवाय त्याने इतरांची मोठी सोय होते. वेडा आपल्या वेडापायी मेला, असं ठरलं की त्याला एकटं कुणी सोडलं हे विचारावं लागत नाही. ब्रिटन आणि फ्रान्सने 3 सप्टेंबरला युद्ध पुकारलं खरं, पण पोलंड पडेपर्यंत पश्चिमेकडून म्हणावा असा धक्का जर्मनीला बसलाच नाही.

दंतकथेची ही गत, तर पदकाची काय सांगावी? ‘विर्तुती मिलितारी’ हा पोलंडचा सर्वोच्च लष्करी सन्मान. 1792 साली झेलेंत्सेच्या विजयानंतर राजा स्तानिस्लाव आउगुस्त याने तो सुरू केला आणि त्याच वर्षी रशियाधार्जिण्या गटापुढे नमून स्वतःच रद्दही केला. पुढे 1831 साली पोलिश उठाव चिरडणाऱ्या रशियन सैन्यातच झारने ते पदक वाटलं. लढणाऱ्याची खूण त्याला लोळवणाऱ्याच्या छातीवर! 1974 साली त्याचा सर्वात वरचा वर्ग सोव्हिएत नेता ब्रेझनेव्हला बहाल झाला. तो काढून घेतला 1990 साली, ब्रेझनेव्ह मेल्यावर आठ वर्षांनी.

त्याच 1990 साली आणखी एक हिशेब दुरुस्त झाला. पोलिश अधिकारी वितोल्द पिलेत्स्की 1940 साली ठरवून जर्मनांच्या हाती सापडला, आउशवित्झच्या छळछावणीत शिरला, आत गुप्त संघटना बांधली, बाहेर अहवाल पाठवले आणि 1943 साली निसटला. पोलंडच्या कम्युनिस्ट सरकारने 1948 साली त्याला देहदंड दिला. तो निर्दोष ठरायला बेचाळीस वर्षं लागली. आउशवित्झमध्ये आपणहून जाणारा माणूसही कुणाला वेडाच वाटेल. पण त्याच्या वेडाइतकं थंड डोक्याने केलेलं काम त्या युद्धात विरळाच.

लढून जिंकणाऱ्यांच्या वाट्यालाही वेगळं काही आलं नाही. मे 1944मध्ये जनरल आंदेर्सच्या पोलिश सैनिकांनी इटलीतला मोंते कासिनोचा डोंगर घेतला. यातले कितीतरी जण पूर्व पोलंडमधून सोव्हिएत छावण्यांत नेले गेलेले आणि तिथून सुटून आलेले. त्याच वाटेने सुटलेल्या हजारो पोलिश बायका, मुलं, म्हातारी माणसं त्या वेळी कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहत होती. अनेकांचं कुणी ना कुणी आंदेर्सच्या फौजेत होतं. पुढे 1945 साली याल्टाच्या परिषदेत दोस्त राष्ट्रांनी पूर्व पोलंड सोव्हिएत संघाच्या पदरात टाकला. 1946 साली वॉर्सातल्या सरकारने आंदेर्सचं नागरिकत्वच काढून घेतलं. तो परतला नाही. 1970 साली मोंते कासिनोलाच आपल्या सैनिकांशेजारी विसावला.

1948 साली वळिवड्याची छावणी उठली, तेव्हा तिथल्या पुष्कळांना परत जायला आपलं गाव आपल्या देशात उरलं नव्हतं. ते कुणा वेड्या स्वाराने गमावलं नव्हतं. शहाण्या माणसांनी टेबलाशी बसून ते देऊन टाकलं होतं.