गुपित आणि खबर

शिरूरच्या एका शाळेत शिकविणारे गुरुजी आणि दौंडच्या न्यायालयात वकिली करणारा त्यांचा एक जुना विद्यार्थी यांच्यामध्ये, मे महिन्याच्या सुटीत, झालेले हे संभाषण.

गुरुजी : नववीतल्या एका मुलाला, अश्लील चित्रफिती पाहण्यात धोका कोणता, असे विचारले, तेव्हा तो तत्काळ म्हणाला, "हिस्टरी डिलीट केली की काही नाही, सर." म्हणजे पकडले जाणे एवढाच त्याच्या लेखी धोका, पडद्यावरच्या स्त्रीची संमती होती किंवा कसे, आणि ते पाहून आपल्या मनात स्त्रीपुरुषसंबंधांविषयी कोणत्या विपरीत कल्पना रुजतात, हे प्रश्न त्याच्या गावीही नव्हते.

वकील : दोष त्याला कसा द्यावा? शरीराविषयीचे ज्ञान निराळे आणि अश्लीलता निराळी, हे र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकातून १९२७ ते १९५३ पर्यंत सांगत राहिले. त्यांच्यावरच अश्लीलतेच्या फिर्यादी झाल्या, १९३४ मध्ये डॉ. आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरी दंड चुकला नाही. त्या काळचे मौन आपण अजून सोडलेले नाही.

गुरुजी : मी सोडले, आणि तेथेच पेच पडला. मधल्या सुटीत एक मुलगा मागे रेंगाळला, वर्गातल्या एका मुलीचे आक्षेपार्ह छायाचित्र व्हॉट्सॲपवर फिरत असल्याचे त्याने सांगितले, आणि वर "कुणाला सांगू नका" अशी गळ घातली.

वकील : बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्याचे कलम १९ अशी खबर पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक करते, न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

गुरुजी : खबर दिलीच. परंतु तेव्हापासून एकही पोर मजजवळ मनातले बोलत नाही. एका मुलीचे रक्षण करताना पुढच्या मुलीला मी वाऱ्यावर तर सोडले नाही ना?

वकील : गुरुजी, आपण गप्प राहिला असता, तर त्या मुलाच्या विश्वासाची किंमत त्या मुलीने मोजली असती. पुढे मात्र गुपित ऐकण्यापूर्वीच बजावून ठेवावे, की कोणाला इजा होत असेल तर मी गप्प बसणार नाही. पण सांगणाऱ्यालाही एकटे पाडणार नाही.

गुरुजी : असे बजावल्यावर बोलेल कोण रे?

वकील : थोडेच बोलतील, पण जे बोलतील ते फसवले गेलो असे म्हणणार नाहीत.

गुरुजी : न बोलणाऱ्यांत एखादी पीडित मुलगीही असेल, हे मला जड जाते. तथापि तूर्त याहून बरी तजवीज मला दिसत नाही. जूनमध्ये पहिल्याच तासाला, मुलामुलींना एकत्र बसवून, हे सांगेन.