पालथा तळवा

उजवा हात पुढे करा. तळवा वर, बोटं किंचित वाकलेली. घाई नको. तुम्ही काहीच मागत नाही आहात. पण रस्त्यावरून जाणाऱ्याला ते कसं कळणार?

आता रोममध्ये चला. पँथिऑनचे अजस्र खांब, आणि जवळ एक म्हातारा. कोट नीटनेटका, डोक्यावर हॅट. वित्तोरिओ दे सिकाच्या १९५२ सालच्या ‘उंबेर्तो डी.’ या सिनेमातला हा निवृत्त सरकारी अधिकारी. युद्धाच्या काळात आणि नंतरही महागाईने लिरा पार खाऊन टाकला. पेन्शनीत खोलीचं भाडं भागत नाही. तो हात पसरून बघतो. कुणीतरी थांबतं, खिशात हात घालतं, आणि ऐन वेळी म्हातारा तळवा पालथा करतो. जणू पाऊस पडतोय का, तेवढंच बघत होता.

तुम्हीही हात पालथा करा. सावकाश. मनगट वळताना आत काय हललं, तिथे थोडं थांबा.

उपाशी माणसावरचे सिनेमे पुष्कळ आहेत. इस्त्रीच्या कपड्यांतली ही लाज मात्र इतकी जवळून क्वचितच दिसते. उंबेर्तो साकारणारे कार्लो बात्तिस्ती नट नव्हते, भाषाशास्त्राचे प्राध्यापक होते. तो हात अभिनय करत नाही, ते त्यामुळेच असेल. इटलीच्या सरकारला हा सिनेमा रुचला नाही. चित्रपटांचा कारभार पाहणाऱ्या जुलिओ आंद्रेओत्तींनी दे सिकाला जाहीर पत्रातून सुनावलं, की देशाची अशी दैना जगापुढे मांडू नका. सरकारलाही तळवा पालथाच हवा होता.

आता उंबेर्तो राहतो त्या घरातली मोलकरीण मारिया. सकाळचं स्वयंपाकघर. ती भिंतीवर काडी ओढते, पाणी सोडून मुंग्या घालवते, पोटावरून हात फिरवते. दिवस गेलेत, लग्न झालेलं नाही. खुर्चीत बसून कॉफी दळता दळता पाय लांबवून दार ढकलते. डोळे भरून आलेत. कथा इथे पुढे सरकत नाही. तुम्हीही सरकू नका. दार पायाला लागेपर्यंत तिच्याबरोबर बसा.

शेवटी उंबेर्तो फ्लाइक या कुत्र्याला घेऊन जीव द्यायला रेल्वेच्या फाटकाशी जातो. फ्लाइक निसटतो, घाबरून लांब उभा राहतो. मग पाइनचं फळ दाखवून त्याची मनधरणी करावी लागते. हळूहळू खेळ जमतो. खोली गेली ती गेलीच, पेन्शन तेवढीच, आणि आज रात्री तो कुठे टेकणार हे दे सिका आणि लेखक झावात्तिनी सांगत नाहीत. बघा, तुम्हाला काही सुचतंय का.