पितृऋण आणि वसुली

कर्त्या झालेल्या मुलांनी आपणांस विसरू नये, असे कोणत्या आईबापांस वाटत नाही? २००७ च्या केंद्रीय कायद्यान्वये त्यांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. परंतु भेटीची ओढ न्यायाधिकरणाच्या आदेशाने उत्पन्न होत नाही.

तैत्तिरीय संहितेत देव, ऋषी व पितर यांची तीन ऋणे सांगितली आहेत. त्यांपैकी पितृऋण प्रजेने फिटते. म्हणजे मूल वाढविताना आपण त्याला कर्ज देत नसून पूर्वजांचे कर्ज फेडीत असतो. मुलानेही आपले ऋण अवश्य स्मरावे. मात्र त्याची वसुली आपण करू नये. उलट, ज्याच्यामुळे आपण ऋणमुक्त झालो, त्याच्याविषयी आपणच कृतज्ञ असावे. दूरदेशीच्या मुलाचा दोन ओळींचा निरोप आला, तर ‘एवढेच?’ असे न विचारता ‘बरे वाटले’ म्हणावे. सांजवातीबरोबर एवढा नेम रोज पाळता येण्याजोगा आहे.