छतावरचा झेंडा

1957 सालची शेवरोले बेल एअर 200 इंच लांब होती. 1/25 प्रमाणात तिचं मॉडेल करायचं तर ते बरोबर 8 इंचांचं हवं. पट्टी लावा, मोजा, विषय संपला.

पण विषय तिथे संपत नाही. खऱ्या गाडीचा पत्रा साधारण एक मिलिमीटर जाड. त्याला 25 ने भागलं की 0.04 मिलिमीटर उरतो. किटमधलं प्लास्टिक इतकं पातळ नसतं, तेही मिलिमीटरभर असतंच. म्हणजे हे मॉडेल पुन्हा 25 पट मोठं केलं, तर दाराचा पत्रा इंचभर जाड निघेल. मेटॅलिक रंगाचंही तसंच. खऱ्या गाडीसाठीचा रंग मॉडेलवर मारला, तर त्यातले चमकते कण प्रमाणाच्या हिशेबाने साखरेच्या दाण्यांएवढे होतात.

शिवाय पाहण्याची जागा बदलते. खरी गाडी आपण शेजारी उभं राहून पाहतो. टेबलावरची गाडी वरून दिसते, दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून पाहावी तशी. त्यामुळे मापात चोख असलेलं छतही कधीकधी डोळ्यांना चुकीचं वाटतं. मग वाद पेटतो. एकजण म्हणतो, माप पाळा. छत दोन मिलिमीटर चुकलं म्हणजे खरं छत पाच सेंटीमीटर चुकलं. दुसरा म्हणतो, गाडी ‘ती’ वाटली पाहिजे, बाकी मापं गेली खड्ड्यात.

हा वाद फार जुना आहे. प्लेटोच्या ‘सोफिस्ट’ या संवादात प्रतिकृतींचे दोन प्रकार सांगितलेत. एक मूळ वस्तूची प्रमाणं जशीच्या तशी पाळणारा. दुसरा भव्य पुतळे घडवणाऱ्यांचा: उंचावरचा भाग खालून लहान दिसतो, म्हणून ते प्रमाणं बदलतात, म्हणजे पुतळा सुंदर दिसतो. प्लेटोला हा दुसरा प्रकार संशयास्पद वाटतो, कारण ती प्रतिकृती मूळ वस्तूसारखी नसते, नुसती तशी भासते.

मी बराच काळ या दुसऱ्या प्रकाराच्या बाजूने होतो. आठ इंचांत अख्खी गाडी मावत नाही, काहीतरी सोडावंच लागतं, मग डोळ्यांना पटेल ते ठेवावं. त्यात कुणाचं काय बिघडतं?

काय बिघडू शकतं, ते मला एका नारिंगी गाडीमुळे कळलं. 1979 ते 1985 या काळात अमेरिकन टीव्हीवर ‘द ड्यूक्स ऑफ हॅझर्ड’ ही मालिका चालली. तिच्यातली 1969 ची डॉज चार्जर पोरांची लाडकी होती. दारावर 01 हा आकडा, नाव ‘जनरल ली’ आणि छतावर कॉन्फेडरेट झेंडा. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेतल्या राज्यांच्या फौजेचा झेंडा. या गाडीची किट्स निघाली, त्यात झेंड्याचं डेकलही असायचं. 17 जून 2015 ला चार्ल्सटनमधल्या एका चर्चमध्ये वर्णद्वेषी गोऱ्या तरुणाने नऊ कृष्णवर्णीय माणसांना गोळ्या घातल्या. तो झेंडा हातात घेतलेले त्याचे फोटो समोर आले. त्याच महिन्यात वॉर्नर ब्रदर्सने जाहीर केलं की हा झेंडा असलेल्या खेळण्यांना आणि मॉडेल्सना यापुढे परवानगी मिळणार नाही.

आता समजा, जुनं किट तुमच्या हातात आहे. डेकल पाण्यात भिजवायचं की नाही?

“मालिकेत झेंडा होता, म्हणून मॉडेलवर हवाच. मी फक्त अचूक राहतोय,” असं कुणी म्हणेल. पण याच माणसाने इंचभर जाडीचं दार खपवून घेतलंय. साखरेएवढे कण खपवून घेतलेत. अचूकतेने तिथे त्याच्यावर सक्ती केली नाही, मग इथेच ती कशी आली? काय ठेवायचं नि काय सोडायचं, हे प्रत्येक वेळी तोच ठरवत होता. तेव्हा झेंडाही त्यानेच निवडलेला असतो.

पण झेंडा गाळून “ही बघा मालिकेतली गाडी” म्हणणंही खरं नाही. तसं केलं की ती मालिका होती त्याहून निष्पाप ठरते. लाखो मुलांनी तो झेंडा काही न कळता पाहिला, ही गोष्टच पुसली जाते. संग्रहालयात तीच गाडी झेंड्यासकट असावी, शेजारी त्याचा अर्थ लिहिलेला असावा, हे मला पटतं. घरातल्या फळीवर तशी पाटी नसते. तिथे ती गाडी नुसती मिरवते.

म्हणून ‘किती अचूक?’ याच्या आधी ‘कशाची प्रतिकृती?’ हे विचारायला हवं. माझं उत्तर साधं आहे. मी ती 1969 ची चार्जर म्हणूनच बनवेन, कारखान्यातून निघाली तशी, त्या वर्षीच्या एखाद्या रंगात. 01 नाही, झेंडा नाही. तीही पूर्ण अचूक असेल. आणि कुणी विचारलं, “ही ती टीव्हीवरची गाडी ना?” तर सांगेन, नाही, पण तिची गोष्ट सांगतो, बस.