अपेक्षा आपल्या, आयुष्य त्याचे

२५ जुलै २००४. पेरूमधील लिमा शहरात कोपा अमेरिका स्पर्धेचा अंतिम सामना रंगात आला होता. ब्राझीलसमोर अर्जेंटिना. रोनाल्डो, रोनाल्डिन्हो अशी मातब्बर मंडळी विश्रांतीवर असल्याने ब्राझीलने दुसऱ्या फळीचा संघ उतरवला होता. ८७व्या मिनिटाला अर्जेंटिनाने २-१ अशी आघाडी घेतली आणि सामना हातचा गेल्यात जमा झाला. भरपाई वेळेत गोलसमोरच्या धुमश्चक्रीत चेंडू एका धिप्पाड तरुणापाशी आला. तो वळला आणि डाव्या पायाने त्याने चेंडू जाळ्यात हाणला. बरोबरी झाली आणि पेनल्टींवर ब्राझील जिंकले. सात गोल करून स्पर्धेत अव्वल ठरलेल्या त्या खेळाडूचे नाव आद्रियानो. वय बावीस.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याला घरून फोन आला. वडील, आल्मीर, हृदयविकाराने गेले होते. तो ज्या क्लबकडून खेळत होता त्या इंटर मिलानचा तेव्हाचा कर्णधार हाविएर झानेट्टी त्या वेळी जवळ होता. आद्रियानोने फोन फेकून दिला आणि तो आक्रोश करू लागला, असे झानेट्टीने पुढे अनेकदा सांगितले आहे. त्या दिवसापासून आपण आणि क्लबचे मालक मास्सिमो मोराट्टी यांनी त्याला धाकट्या भावासारखे सांभाळायचे ठरवले, असेही तो सांगतो.

पुढे काय झाले, हे फुटबॉलप्रेमींना तोंडपाठ आहे. इटलीत ज्याला ‘सम्राट’ म्हणत, ज्याच्या फटक्याला ‘प्रो इव्होल्यूशन सॉकर’ या व्हिडिओ गेममध्ये ९९ गुण दिले होते, तो आद्रियानो २००६नंतर उतरणीला लागला. वजन वाढले, सराव बुडू लागले, दारू वाढली. इटलीतील एका रेडिओ कार्यक्रमात हंगामातल्या सर्वांत निराशाजनक खेळाडूला ‘सोनेरी कचरापेटी’ नावाचा टवाळ पुरस्कार दिला जाई. २००६, २००७ आणि २०१० असा तीनदा तो आद्रियानोच्या वाट्याला आला. आज त्याचे नाव निघाले की बहुतेक चाहते एका वाक्यात निकाल देऊन मोकळे होतात: काय गुणी होता, पण वाया गेला!

हा निकाल आपण कोणत्या अधिकाराने देतो, हा माझा आजचा प्रश्न आहे.

चाहत्याला मत नसावे, असे मी म्हणत नाही. तो तिकीट काढतो, रात्री जागून सामने पाहतो, संघ हरला की जेवत नाही. खेळाडूने सोपा गोल दवडला तर ‘काय हा खेळ’ म्हणण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. कठोर बोलण्याचाही आहे. मैदानावर जे घडते ते सर्वांसमोर घडते, आणि जे सर्वांसमोर घडते त्याची चिकित्सा होणारच. २००६-०७च्या हंगामातला आद्रियानो मंद आणि निष्प्रभ होता. तसे म्हणणाऱ्याने काही पाप केले नाही. हा झाला पहिला हिशेब, खेळाचा.

दुसरा हिशेब कराराचा. क्लबने पगार दिला, सहकाऱ्यांनी त्याच्या जागेवर विश्वास ठेवला, आणि तो सरावाला उशिरा आला किंवा आलाच नाही, तर त्याचा जाब त्याला द्यावाच लागतो. दुःख मोठे असले तरी दिलेला शब्द आपोआप सुटत नाही. इंटरने त्याला वेळ दिला, सावरण्यासाठी मायदेशी पाठवले, २००८मध्ये काही महिने साओ पाउलो संघाकडून खेळू दिले. तरीही गाडी रुळावर आली नाही. अखेर एप्रिल २००९मध्ये राष्ट्रीय संघाच्या सामन्यांसाठी ब्राझीलला गेलेला आद्रियानो इटलीत परतलाच नाही. खेळण्यातला आनंद संपला आहे, असे त्याने जाहीर केले आणि दोन्ही बाजूंनी करार संपवला. क्लब आणि खेळाडू यांच्यातला व्यवहार तिथे मिटला.

उरतो तिसरा हिशेब, आयुष्याचा. नेमका हाच आपण सर्वांत उत्साहाने मांडतो, आणि याच हिशेबात आपली काही गुंतवणूक नसते. खेळाच्या मोजमापातून आपण कधी माणसाच्या मोजमापात शिरतो, हे आपले आपल्याला कळत नाही. ‘तो खराब खेळला’ इथून ‘त्याने आयुष्याची माती केली’ इथपर्यंत यायला एक श्वास पुरतो.

ज्या आयुष्यावर हा निकाल दिला जातो, त्याकडे जरा जवळून पाहू. रिओ द जानेरोच्या उत्तरेकडील व्हिला क्रुझेरो ही गरीब वस्ती. १९९२मध्ये आद्रियानो दहा वर्षांचा असताना त्याच्या वडिलांच्या डोक्यात भटकी गोळी शिरली. ती काढता आली नाही. गोळी डोक्यात घेऊनच तो माणूस पुढची बारा वर्षे जगला. चौदाव्या वर्षी, वस्तीतल्या इतर पोरांसारखाच, आद्रियानोने बिअरचा पेला हातात घेतला होता. वडिलांनी तो हिसकावून फेकून दिला आणि हे मी तुला शिकवलेले नाही, अशा अर्थाचे चार शब्द सुनावले. ही आठवण आद्रियानोने २०२४मध्ये लिहिलेल्या आत्मकथनपर लेखात सांगितली आहे. ज्या हाताने पेला फेकला तो हात पुढे राहिला नाही, हे वाचताना जाणवते आणि गलबलून येते.

त्याच लेखात मिलानमधल्या एका नाताळची हकीकत आहे. फुटबॉलपटू क्लॅरेन्स सीडॉर्फच्या घरी जेवणाचे आमंत्रण होते. माणसे प्रेमाची, घर सजलेले. पण आद्रियानोचे मन रिओत होते. तो लवकर निघून घरी आला, आईला फोन लावला. पलीकडून गाणी, हसणे, नातेवाइकांचा गलका ऐकू येत होता. फोन ठेवल्यावर तो रडत बसला, व्होडकाची बाटली संपवली आणि सोफ्यावरच झोपी गेला. त्या काळात जगभरच्या मुलांच्या खोल्यांत त्याची पोस्टर होती, आणि आपल्या माणसांपासून हजारो कोस दूर असलेल्या या मुलाकडे स्वयंपाकघरातला आवाज ऐकायला फक्त एक फोन होता.

इथे सहानुभूतीवाल्यांनीही जपून राहायला हवे. ‘वडील गेले आणि सम्राट संपला’ ही गोष्ट सांगायला सोपी आहे, पण ती तितकी सरळ नाही. वडील गेल्यानंतरच्या हंगामात त्याने इंटरसाठी गोलांचा पाऊस पाडला. २००५च्या कॉन्फेडरेशन्स चषकात पाच गोल करून तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. अंतिम सामन्यात अर्जेंटिनाचा ४-१ असा धुव्वा उडाला, त्यातले दोन गोल त्याचे होते. म्हणजे बाहेरून सारे झळाळत होते, तेव्हा आत काय चालले होते ते कोणालाच दिसत नव्हते. पुढे २०११मध्ये टाचेजवळचा स्नायूबंध तुटला आणि शरीरानेही साथ सोडली. शोक, एकटेपणा, दारू, दुखापत, स्वतःचे चुकलेले निर्णय, यांतले कशाचे किती, हे बाहेरच्या कोणालाही सांगता येणार नाही. दोषी ठरवणारा आणि दया करणारा, दोघेही एका माणसाला एका वाक्यात बसवायला निघालेले असतात.

आपल्या निकालात आणखी एक खोट आहे. युरोपातून परतला म्हणजे संपला, असे आपण धरून चालतो. आद्रियानो २००९मध्ये फ्लामेंगोत आला, ज्या क्लबात तो लहानपणी चेंडू मारायला शिकला. त्या वर्षी त्याने ब्राझीलच्या लीगमध्ये १९ गोल केले आणि सर्वाधिक गोलांचा मान विभागून मिळवला. फ्लामेंगो विजेते झाले, तेही १९९२नंतर प्रथमच. ज्या पिढीने सतरा वर्षे वाट पाहिली, तिला जाऊन सांगा की हा खेळाडू वाया गेला. ‘वाया’ कोणाच्या दृष्टीने, हे विचारल्यावाचून हा शब्द वापरता येत नाही.

आपल्याला हे समजायला ब्राझीलपर्यंत जावे लागत नाही. विनोद कांबळीचे नाव मराठी घरात कसे घेतले जाते, आठवून पाहा. १७ कसोटी सामने, सरासरी ५४.२०, १९९३मध्ये लागोपाठच्या कसोटींत दोन द्विशतके. शेवटची कसोटी वयाच्या तेविसाव्या वर्षी. एवढी कमाई दुसऱ्या कोणाच्या नावावर असती तर आपण तिचे गोडवे गायलो असतो. पण शाळेत त्याच्या जोडीने खेळलेल्या मित्राने जगातल्या सर्वाधिक धावा केल्या, आणि कांबळीने केलेल्या प्रत्येक धावेपेक्षा न केलेल्या धावा आपल्याला मोठ्या वाटू लागल्या. तुलनेचा हा जाच आद्रियानोनेही सोसला. तो पुढचा रोनाल्डो होणार, हे त्याने कोणाला सांगितले नव्हते. ते आपण ठरवले होते.

मुळात घोटाळा इथेच आहे. एखाद्याचे कसब दिसले की आपण त्याच्या पुढच्या पंधरा वर्षांवर हक्क सांगतो. त्याने न घेतलेले कर्ज त्याच्या नावावर लिहितो आणि फेडले नाही म्हणून त्याला बुडवा ठरवतो. गुण निसर्गाने दिला, घाम त्याने गाळला, आजी त्याला सरावाला घेऊन गेली. आपण फक्त पाहिले. पाहण्याने आनंद मिळतो, मालकी मिळत नाही.

यावर कोणी म्हणेल, गुण आला की जबाबदारीही येते, नाही तर सगळेच हातपाय गाळून बसतील. जबाबदारी येते, हे खरेच. पण ती सर्वप्रथम स्वतःशी असते, मग घरच्यांशी, मग ज्यांना शब्द दिला त्यांच्याशी. प्रेक्षकाचा नंबर त्यानंतर लागतो. आणि ज्या जागी माणूस आतून मोडत चालला आहे, ती जागा सोडणे हीसुद्धा कधी कधी जबाबदारीच असते. आद्रियानो उतरणीला लागला त्याच सुमारास, जानेवारी २००७मध्ये, बायर्न म्युनिकच्या सेबास्टियान डाइस्लर या जर्मन खेळाडूने दुखापती आणि नैराश्य यांना कंटाळून सत्ताविसाव्या वर्षी बूट काढून ठेवले होते. त्या काळी फुटबॉलच्या ड्रेसिंग रूममध्ये मनाच्या आजाराबद्दल उघड बोलण्याची पद्धत नव्हती. गुडघा सुजला तर आराम आणि मन सुजले तर बदनामी, असा तेव्हाचा रिवाज होता. आज तो थोडा बदलला आहे, पण आपली जीभ तितकी बदललेली नाही.

आद्रियानो नंतर पुन्हा पुन्हा व्हिला क्रुझेरोत जाऊन बसू लागला. बालमित्रांसोबत, अनवाणी, डॉमिनो खेळत. वृत्तपत्रांनी त्यावर काय काय रंगवले. तो गुंडांच्या टोळीत सामील झाल्याच्याही वावड्या उठल्या. त्याचे स्वतःचे म्हणणे साधे आहे: इथे मला कोणी सम्राट म्हणून पाहत नाही, इथे माझे वडील चालले त्या गल्ल्या आहेत. तो अजून पितो, हेही तो लपवत नाही. ते चांगले नाही. त्याच्या जवळच्या माणसांनी त्याला तसे जरूर सांगावे. पण दुरून हसणाऱ्याने ‘व्यसन वाईट’ हे आपल्या हसण्याचे कारण म्हणून पुढे करू नये. काळजी करणारा माणूस जवळ जातो, त्याला प्रेक्षक लागत नाहीत.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती. एखाद्या ओसरलेल्या खेळाडूबद्दल बोलाल तेव्हा आधी त्याने काय केले ते सांगा, काय राहिले ते नंतर. खेळावर टीका करा, बेधडक करा, आणि मैदानाच्या रेषेपाशी थांबा. तुमच्या गावच्या मैदानावर उद्या एखादे पोर चमकेल, तेव्हा त्याला ‘पुढचा अमुक’ म्हणू नका. आज तो जसा खेळला त्याचे कौतुक करा. आणि पुढेमागे ते पोर सगळे सोडून घरी परतले, तर ‘का सोडलेस’ विचारण्याआधी ‘कसा आहेस’ विचारा.