छऱ्यांचें वर्तुळ

बंदूक हातीं धरण्याचा प्रसंग मजवर आयुष्यांत कधीं आला नाहीं, आणि या वयांत तो येईल असेंहि वाटत नाहीं. तरी गेल्या वर्षीं हिवाळ्याच्या तोंडावर, अमेरिकेच्या ईशान्य टोकास असलेल्या मेन राज्यांत, एका ओसाड खडीखाणींत मी कागदाला पडलेलीं भोकें तासभर मोजीत बसलों होतों. माझा एक जुना विद्यार्थी तिकडे स्थायिक झाला आहे व तो समुद्रबदकांची शिकार करतो. "सर, उद्यां समुद्रावर या असा आग्रह मी करणार नाहीं, पण आज एवढी गणती करूं लागा," असें तो म्हणाला. उत्तरपत्रिकांवरील खुणा मोजण्यांत ज्याचा जन्म गेला, त्याला हें काम नाकारण्यास सबब सांपडेना.

गणती कशाची, तें सांगितलें पाहिजे. बदकें मारण्याच्या काडतुसांत एकच गोळी नसून बारीक छरे असतात. सव्वा औंस भारांत दोन नंबरचे पोलादी छरे दीडशेंच्या आसपास भरतात. नळींतून सुटल्यावर ते पसरत जातात. हा पसारा आवरावा म्हणून नळीचें तोंड किंचित् आवळलेलें असतें. त्या आवळण्यास चोक म्हणतात. अगदीं घट्ट चोकहि नळीला सुमारें एका मिलिमीटरनेंच अरुंद करतो. पण तेवढ्यानें, जुन्या शिशाच्या छऱ्यांच्या हिशेबानें, चाळीस यार्डांवरील तीस इंच व्यासाच्या वर्तुळांत शेंकडा सत्तर छरे जातात. मध्यम चोकानें साठ, आणि मुळींच न आवळलेल्या नळीनें चाळीस. 1866 सालीं न्यूकॅसलच्या पेप या बंदूककारानें अशा नळीचें पेटंट घेतलें, आणि 1875 सालीं लंडनच्या 'फील्ड' पत्राच्या चांचण्यांत ग्रीनरच्या चोकदार नळ्यांनीं जुन्या नळ्यांना मागें टाकलें. त्याच 1875 सालीं न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर लॅब्रॅडॉर बदकाचा शेवटचा निर्विवाद नमुना मारला गेला. हा निव्वळ योगायोग आहे. तें बदक कां नामशेष झालें याविषयीं पक्षिशास्त्रज्ञांचें अद्याप एकमत नाहीं. पण कांहीं योगायोग मनांत घर करून राहतात.

माझ्या विद्यार्थ्यापुढील प्रश्न साधा होता: कोणता चोक घ्यावा? आयडर, स्कोटर हीं बदकें पाण्याला लगटून वेगानें जातात. त्यांचीं पिसें दाट व जीव चिवट. शिकारी हलत्या होडींत, आणि भोंवतीं झाड नाहीं कीं कुंपण नाहीं, म्हणून अंतराचा अदमास फसतो. तो म्हणाला, "उघडा चोक बरा वाटतो, सर. नेम थोडा ढळला तरी तो चूक पोटांत घालतो."

आपल्या भाषेंतील हा वाक्प्रचार येथें इतका अक्षरशः खरा ठरेल असें त्यालाहि वाटलें नसावें. चूक शिकाऱ्याची, पोट बदकाचें! विरळ वर्तुळाच्या कडेचे एकदोन छरे लागलेलें बदक मरत नाहीं. पंख मोडून तें पाण्यावर पडतें, बुडी मारतें, दूर कोठें तरी केवळ चोंच वर काढतें, आणि पुन्हां दिसेनासें होतें. हुकलेला बार शिकाऱ्याला खट्टू करतो व पक्ष्याला सोडून देतो. अर्धवट लागलेला बार शिकाऱ्याला थोडें समाधान देतो व पक्ष्याला कित्येक दिवसांचें मरण. तेव्हां चोक निवडणें म्हणजे आपल्या संभाव्य चुकीचा भुर्दंड कोणावर टाकावयाचा तें आधींच ठरविणें होय. वैद्य, न्यायाधीश, परीक्षक हे सारेच असें कांहीं ठरवीत असतात. फक्त त्यांच्यापुढें कागद टांगून कोणी भोकें मोजीत नाहीं.

मग घट्ट चोक घ्यावा म्हणजे पुण्य पदरीं पडलें काय? तसेंहि नाहीं. वीस यार्डांवर तो पक्ष्याच्या चिंधड्या करतो, आणि त्याहून वाईट म्हणजे तो हांव शिकवितो. ज्याच्या हातीं घट्ट नळी, त्याला साठ यार्डांवरचें बदकहि आपलेंच वाटूं लागतें. त्यांत पाणपक्ष्यांच्या शिकारींत 1991 पासून त्या देशांत शिशाचे छरे सर्वत्र बंद आहेत, कारण चिखलांत पडलेले छरे गिळून पक्षी विषबाधेनें मरत. पोलादी छरा विषारी नाहीं, चेपत नाहीं, म्हणून मध्यम चोकांतूनहि घट्ट जातो. पण शिशाहून हलका असल्यामुळें लांब पल्ल्यावर लौकर दुबळा होतो. एक मरण टाळण्यासाठीं केलेला कायदा दुसऱ्या मरणाचा संभव वाढवितो, तो केवळ शिकाऱ्यानें लांबून बार न टाकण्याचा संयम ठेवला तरच वाढवीत नाहीं. माझ्या विद्यार्थ्यानें शेवटीं मध्यम चोक घेतला, आणि पाण्यावर तरंगत ठेवावयाच्या नकली बदकांतील सर्वांत दूरचें पस्तीस यार्डांवर बांधावयाचें ठरविलें. त्यापलीकडच्या पक्ष्यावर बार टाकावयाचा नाहीं. त्या दोरीचें मला नळीपेक्षां अधिक कौतुक वाटलें.

येथें कोणी म्हणेल, मारावयाचेंच तर सुरी किती पाजळली याचा हिशेब कशाला? आक्षेप हलका नाहीं. जैन आचार्य उमास्वातींनीं हिंसेची व्याख्या करतांना प्राणवियोगाच्या आधीं प्रमादाला स्थान दिलें. पण त्यावरून सावध शिकारी सुटला असें कोणी जैन मुनि म्हणणार नाहीं, आणि मीहि म्हणत नाहीं. माझें म्हणणें इतकेंच, कीं निष्काळजी शिकारी व सावध शिकारी यांना एका मापानें मोजणारी अहिंसा ही विचाराचा आळस आहे. वाल्मीकींना शोक झाला, कारण क्रौंच त्यांच्या डोळ्यांदेखत पडला. पाण्याखालीं नाहींसें झालेल्या बदकासाठीं शाप देणारा ऋषि तेथें कोणीच नसतो; त्याचा विचार करणारा असलाच तर तो शिकारीच.

हें सारें मी शाकाहाराच्या सुरक्षित ओट्यावरून बोलतों आहें, याची मला जाणीव आहे. त्या रात्रीं ज्या पिसांच्या दुलईखालीं मी ऊबेंत झोंपलों, तीं पिसें कोणाचीं व कशीं काढलेलीं, याची मीं चौकशी केली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं तो परतला. तीन स्कोटर आणले होते. मीं कांहीं विचारण्यापूर्वींच तो म्हणाला, "एक बुडी मारून गेलें, सर. पाऊण तास शोधलें." मग त्यानें ओले हातमोजे काढले, कपाटांतून शिकारीची वही घेतली, आणि त्या तारखेपुढें चारचा आंकडा लिहिला.